डोया

आमचे आजोबा वळिवड्याला भाजी विकायला जात. कोल्हापूरजवळच्या या गावात 1943 ते 1948 या काळात पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते, त्यांत बायका-मुलंच जास्त. आजोबांचं पोलिश एवढंच: येदेन, द्वा, त्शी, म्हणजे एक, दोन, तीन. आणि नमस्काराला 'जेन दोब्री'. वांगी विकायला पुरतं तेवढं. "भाषा तराजूत मावंल एवढी आली की बास," असं ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

मी एमबीबीएसला यवतमाळला आलो तो असाच हसत. भाषेची काय चिंता, मुलूख मराठीच की! पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो. 2019 पासून तो अभ्यासक्रमातच आहे आणि त्यात स्थानिक भाषाही येते. ऑल इंडिया कोट्यातून आलेली मुलं वह्या उघडून 'पोट दुखतंय का?' घोकत होती. माझा रूममेट पालक्काडचा. त्याच्या तोंडून 'ळ' इतका स्वच्छ यायचा की मला कौतुक वाटायचं. मल्याळममध्ये तो अक्षर म्हणून मुरलेलाच आहे. मी मागच्या बाकावर मोबाइल चाळत होतो.

पुढं ओपीडीत बसलो आणि इथं 'ळ' नावाची चीजच नाही असं कळलं. डोळा तो डोया, गोळी ती गोयी. "मले" आणि "तुमाले" तर एका दिवसात सवयीचे झाले, पण कान सवयीचा झाला म्हणून समज येत नाही. कापसावर फवारणी करून आलेला एक माणूस म्हणाला, "डोयापुढं अंधारी येते जी." मी कागदावर लिहिलं, चक्कर. आमच्याकडं अंधारी म्हणजे तेच. मागून सिनियर सिस्टर आल्या. त्यांनी विचारलं, "डोकं गरगरते का दिसतच नाही?" "दिसतच नाही बराबर." त्यांनी टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. सेंद्रिय फॉस्फरसवर्गातल्या कीटकनाशकाची ती खूण, आणि त्यावर उतारा म्हणून अॅट्रोपिन लागतं. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मी मातृभाषेत ऐकून चुकीचं लिहिलं होतं. रूममेटनं तो शब्द कळला नाही म्हणून दोनदा विचारला असता.

त्या रात्री मीही वही काढली.

वॉर्डातल्या मावशी दारव्ह्याकडच्या तांड्यावरच्या. गोरमाटी, म्हणजे बंजारा तांड्यावरची बोली, त्यांनीच शिकवली, तीही हातातलं काम न थांबवता. याडी म्हणजे आई. "कत दुखच?" म्हणजे कुठं दुखतंय. मी ते इतकं घोटलं की पुसदकडच्या एका म्हातारीला विचारताच ती खुलली आणि मुलाची नोकरी, सुनेचं माहेर, गुडघा असं सगळं एका दमात सांगू लागली. मी नंदीबैलासारखा मान हलवत उभा. प्रश्न पाठ करता येतो हो, उत्तर कुठलं पाठ करणार? शेवटी तिनंच माझा हात धरून गुडघ्यावर ठेवला.

मग एक दिवस झरी जामणीकडच्या पोडावरची कोलाम आजी दाखल झाली. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. आजीला वऱ्हाडी येत होती, पण नातीशी ती कोलामीतच बोले. त्यातला एकही शब्द मला उचलता येईना. आजूबाजूला मराठी, पण कोलामी द्रविड कुळातली. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर पुस्तक लिहिलं ते 1955 साली. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की पलीकडच्या खाटेपाशी रक्तदाब घेणारा माझा रूममेट एकदम थबकला आणि वळला.

आजी डोळ्याकडे बोट दाखवून नातीला काही सांगत होती. "कन," ती म्हणाली.

"कण्ण्," हा म्हणाला.

आजीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग बोट दाताला लावलं. "पल." हा म्हणाला, "पल्ल्." तिनं डोक्याला हात लावला. "तल." "तला!" नात खिदळू लागली. खाटेवरचा चार्ट खाली पडला तरी कुणी उचलेना. यापलीकडं दोघांना एकमेकांच्या भाषेतलं एकही वाक्य कळलं नसतं, आणि त्याची दोघांनाही फिकीर नव्हती.

"कोण्या गावचा रे बावा तू?" आजीनं त्याला वऱ्हाडीत विचारलं. पालक्काड, तो म्हणाला. तिनं मान डोलावली. ते गाव दोन पोडं ओलांडली की लागतं, अशी.

मग माझ्याकडं वळली. मी म्हणालो, "कोल्हापूर."

"लय दूर हाये वाट्टे," ती म्हणाली. "तेथं कोणती भाषा बोलतेत?"