जुन्या गिऱ्हाइकाचा भाव

वाण्याच्या दुकानी जुन्या गिऱ्हाइकाचा मान काही निराळाच असे. माल कमी आला तर आधी त्याच्यासाठी बाजूस काढून ठेवावयाचा, मापावर मूठभर अधिक घालावयाचे, घरी लग्नकार्य निघाले तर उधारीची मुदत न मागता वाढवावयाची, असा जणू अलिखित करारच असे. हे निव्वळ औदार्य होते असे मी म्हणणार नाही. वाणी हिशेबात पक्काच होता. परंतु नित्य येणारा माणूस हा आपल्या भांडवलाचाच एक भाग आहे, हे तो ओळखून होता.

आजच्या कंपन्यांनी हा हिशेब नेमका उलटा मांडला आहे. गेल्या वर्षी माझ्या घरच्या इंटरनेटच्या नूतनीकरणासाठी ८,४०० रुपयांचे देयक आले. त्याच आठवड्यात मडगावच्या नाक्यावर त्याच कंपनीचा फलक झळकत होता: नव्या ग्राहकास तीच गती, तीच मुदत, ६,००० रुपयांत! फोन केला, तर दर ठरलेला आहे असे उत्तर मिळाले. ‘मग सेवा बंद करा’, असे म्हणताच फोन दुसऱ्या विभागाकडे गेला आणि पाच मिनिटांत ६,००० रुपयांवर तडजोड झाली.

शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या खात्यातून मात्र पूर्ण रक्कम आपोआप वळती झाली होती. मी हकीकत सांगितली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “वकीलबाब, दहा वर्षांचा संबंध, त्यात घासाघीस कसली करायची?” यावर मला उत्तर सुचले नाही. माझी सवलत कंपनीने पदरमोड करून थोडीच दिली होती? ती मास्तरांसारख्यांच्या भिडस्तपणातूनच वसूल होत होती.

ही गोष्ट आपल्याकडचीच नव्हे. ब्रिटनमध्ये घराच्या व मोटारीच्या विम्याचा हप्ता जुन्या ग्राहकांसाठी वर्षागणिक थोडाथोडा चढवीत नेण्याची रीतच पडली होती. तेथील वित्तीय नियामकाने चौकशी केली, तेव्हा २०१८ साली सुमारे ६० लाख विमाधारक अवाच्या सवा हप्ते भरीत होते आणि त्यांचा जादा भार १.२ अब्ज पौंडांचा होता, असे आढळले. अखेर १ जानेवारी २०२२ पासून नियम झाला, की नूतनीकरणाचा हप्ता तशाच नव्या ग्राहकास सांगितल्या जाणाऱ्या हप्त्याहून अधिक असता कामा नये. नव्यांना मिळणारी भरघोस सवलत त्यामुळे आटेल, अशी ओरड झाली. आटली तर आटो. ती दुसऱ्याच्या पैशाने दिलेली होती.

कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास १८६२ सालचा ‘फेल्टहाऊस विरुद्ध बिंडली’ हा इंग्रजी खटला पाठ असतो. काकाने पुतण्यास लिहिले, की तुझे उत्तर न आल्यास घोडा ३० पौंड १५ शिलिंगांस माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. आणि अशा मौनातून करार जन्मत नाही, असा निर्णय झाला. कंपन्यांचे वकील म्हणतील, की पहिल्याच दिवशी ग्राहकाने चौकटीत खूण करून पुढील नूतनीकरणास संमती दिलेली असते. अक्षरशः ते खरेही आहे. पण ती संमती नूतनीकरणास होती; नव्याहून चढ्या भावास नव्हे.

आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकास फसविणाऱ्या १३ क्लृप्त्यांना मनाई केली. वर्गणीच्या सापळ्यातून बाहेर पडणे अवघड करून ठेवणे, ही त्यांतलीच एक. उत्तम झाले. तथापि हे संरक्षण बाहेर पडू पाहणाऱ्याचे आहे. मास्तरांना बाहेर पडावयाचेच नाही. कार्डावरून परस्पर रक्कम वळती करण्यापूर्वी किमान २४ तास सूचना द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा दंडकही ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आहे; परंतु किती रक्कम जाणार एवढे कळून मास्तरांस काय उमगणार? त्या सूचनेत एक ओळ अधिक छापण्याची सक्ती करावी: हीच सेवा आज नव्या ग्राहकास किती रुपयांत मिळते.