काऊन रे, भाकर नाही का?

संध्याकाळी साडेसातला ऑफिसातून सुटलेल्या माणसाला दोनच प्रश्न पडतात. आज जेवायला काय? आणि ते करणार कोण? मोठ्या शहरातली मंडळी दोन्हींची उत्तरं मोबाइलवर अंगठा फिरवून मिळवतात. यवतमाळातही आता जेवण घरी मागवता येतं. पण येतं काय? बिर्याणी, नूडल्स, पराठे, पिझ्झा. म्हणजे भात, मैदा, कणीक आणि पुन्हा मैदा!

एरवी मला याचं काही वाटलं नसतं. पण गेल्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी ६.१ आलं. मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची ही सरासरी. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ आणि पुढे म्हणजे डायबेटिस आणि मधल्या पट्ट्याला प्रीडायबेटिस म्हणतात. माझं वय ३२. आमच्या फ्रिजच्या दारात टोमॅटो सॉसच्या बाटलीशेजारी वडिलांची इन्सुलिनची पेनं उभी असतात. त्यामुळे ‘आत्तापासून कशाला टेन्शन’ हा डायलॉग आमच्या घरात चालत नाही.

आणि हे काही माझ्या एकट्याचं दुखणं नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक माझ्यासारखे कुंपणावर बसलेत. त्याच पाहणीतून २०२५ मध्ये पुढे आलेला दुसरा आकडा तर थेट आपल्या ताटावर बोट ठेवतो. आपण दिवसभरात खातो त्यातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कार्बोहायड्रेट्समधून येतात. म्हणजे पोळी, भात, साखर, बिस्किटं, पोहे. आणि पोहे म्हटलं की तर्री आलीच, पण तर्रीचा यात काही दोष नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, रात्रीचं पीठ कमी करा, प्रोटीन आणि भाज्या वाढवा. मी आज्ञाधारकपणे ‘लो-कार्ब डिनर’ शोधायला बसलो. समोर आला एक फोटो. काळीभोर प्लेट, गुलाबी स्टेकचे काप, शेजारी ॲस्परॅगस, वर ॲव्होकॅडो. खाली लिहिलेलं, ‘वीस मिनिटांत तयार’. वीस मिनिटांचं सोडा हो, एवढं सामान गोळा करायला मला नागपूर गाठावं लागलं असतं!

स्टेक, पण कशाचा?

खरा स्टेक बीफचा. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. पण कायदा नसता तरी आमच्या घरात हा प्रश्न आला नसता. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावायची, ज्याला पुरणपोळी भरवायची, त्याला तव्यावर टाकायचं? आजीसमोर हा विषय काढायची माझी हिंमत नाही.

मग मटणाचा स्टेक करावा? इथे एक तांत्रिक अडचण आहे. स्टेकसाठी जनावराचा कमी राबलेला, मऊ स्नायू घेतात आणि तो बरेच दिवस थंडीत ठेवून मुरवतात. आपल्याकडे सकाळी कापलेला बोकड दुपारी कढईत असतो. त्यातून रानाचं मटण म्हणजे चालून-धावून कमावलेला स्नायू. तो पाच मिनिटं तव्यावर भाजला तर चपलेशी स्पर्धा करतो. त्याला वेळ हवा, नाहीतर कुकर हवा. आमचा विदर्भ मटण तासन् तास रटरटवतो, त्यामागे चवीइतकंच हे शास्त्रही आहे.

बोकडाचा एक भाग मात्र अगदी स्टेकसारखा वागतो. जाड काप करायचे, कडक तव्यावर टाकायचे, दोन्ही बाजूंनी भाजायचे, पाच-सहा मिनिटांत काम फत्ते. तो भाग म्हणजे कलेजी! लोह, बी-१२, प्रोटीन सगळं भरपूर आणि कार्ब्स जवळजवळ नाहीत. खाटकाकडे ‘फक्त कलेजी द्या’ म्हटलं तर तो आधी तुमच्याकडे जरा बघतो, पण देतो. वेळेवर सांगून ठेवलं तर नक्की देतो. ज्यांना कलेजीचा वास नको वाटतो त्यांच्यासाठी बोनलेस चिकन आहेच. सिझलरच्या प्लेटवर आपण ‘स्टेक’ म्हणून खातो ते बहुतेक वेळा तेच असतं.

करायचं कसं?

दोघांसाठी ३०० ग्रॅम कलेजी किंवा बोनलेस चिकन घ्या. भाज्या बाजारात ज्या असतील त्या. माझं ठरलेलं गणित असं: लांब चिरलेली पत्ताकोबी दोन वाट्या, एक शिमला मिरची, मूठभर फरसबी किंवा वालाच्या कोवळ्या शेंगा आणि हिवाळा असेल तर जुडीभर पालक. कच्चं खायला काकडी आणि मुळा. बाकी सहा-सात लसूण पाकळ्या, हळद, मिरपूड, तिखट, मीठ, लिंबू, दोन-तीन चमचे फल्लीचं तेल. वरून भुरभुरायला सांभार. (पुणे-मुंबईकरांनो, सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे!)

१. कलेजी धुऊन स्वच्छ फडक्याने अगदी कोरडी करा. ओला तुकडा तव्यावर भाजला जात नाही, शिजतो. चव भाजण्यात आहे. बोटाएवढ्या जाडीचे काप करा. हळद, मिरपूड, तिखट आणि थोडं तेल चोळा. मीठ आत्ता नको. आधी मीठ लावलं की पाणी सुटतं आणि मग भाजण्याची सगळी मेहनत वाया.

२. लोखंडी तवा मोठ्या आचेवर चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर नाचला पाहिजे. कलेजीचे तुकडे एकमेकांपासून लांब ठेवा आणि अडीच-तीन मिनिटं अजिबात हात लावू नका. हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपला हात चमच्याकडे जातोच. मग उलटा, पुन्हा तेवढीच मिनिटं. एक तुकडा कापून बघा. आतून लाल-गुलाबी दिसला तर आणखी मिनिटभर ठेवा. फोटोतला गुलाबीपणा कलेजीला किंवा चिकनला लागू नाही, ती पूर्ण शिजलीच पाहिजे. आता मीठ. काढून बाजूला झाकून ठेवा. चिकन असेल तर पातळ काप करा आणि एकेका बाजूला चार मिनिटं द्या.

३. तवा धुऊ नका! तळाला जे खमंग चिकटलंय तोच तुमचा मसाला. त्यात चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, मग शेंगा, मग शिमला मिरची, शेवटी पत्ताकोबी. मोठ्या आचेवर चार मिनिटं. भाज्या दाताखाली कुरकुरल्या पाहिजेत. पालक असेल तर गॅस बंद करून टाका, तो गरमीनेच बसतो.

४. मोठ्या वाडग्यात खाली भाज्या, वर कलेजीचे काप, बाजूला काकडी-मुळा. लिंबू पिळा, सांभार टाका आणि चमचाभर जवसाची चटणी भुरभुरा. ॲव्होकॅडोची आठवण येणार नाही, ही माझी गॅरंटी.

चिरण्यासकट वीस-पंचवीस मिनिटं. हिशेबच मांडायचा तर या वाडग्यात माणशी कार्ब्स साधारण १५ ग्रॅम आणि प्रोटीन तीसच्या आसपास. तीन पोळ्या, वाटीभर भात आणि वरण असं नेहमीचं ताट घेतलं तर नुसते कार्ब्सच शंभरच्या पुढे जातात.

आजीची एन्ट्री

पहिल्यांदा मी हे वाडगे टेबलावर मांडले तेव्हा आजीने आधी वाडग्यात बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘काऊन रे, भाकर नाही का?’’

‘‘नाही आजी. रात्रीची बंद केली मी.’’

‘‘पगार नाही झाला काय?’’

आम्ही सगळे हसलो. आजी नाही हसली. तिला खरंच काळजी वाटली होती.

आजी आता ७६ वर्षांची आहे. १९७२ च्या दुष्काळात ती नवी सून होती. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, अमेरिकेहून आलेली. तिची भाकर थापताना तुटायची आणि खाताना घशात अडायची, हे आजी आजही तोंड वाकडं करून सांगते. पण ती मिलोसुद्धा मोजून मिळायची. सासऱ्यांना दोन, कामाला जाणाऱ्यांना दीड, सुनेला शेवटी उरेल ती. मटण नाही, भाजी नाही, चटणी आणि भाकर. ज्या घरात भाकर आहे ते घर चाललंय, ज्या घरात नाही त्या घरात काहीतरी बिघडलंय, एवढं साधं तिचं मोजमाप. भाकरी हा शब्द आपण नोकरीधंद्यासाठी उगाच नाही वापरत. आता तिच्यासमोर तिचा कमावता नातू भाकरीशिवाय जेवायला बसतो आणि वर सांगतो, हे तब्येतीसाठी आहे!

गंमत बघा. त्याच १९७२ साली अमेरिकेत रॉबर्ट ॲटकिन्स नावाच्या डॉक्टरांचं पुस्तक आलं. ब्रेड, बटाटा, साखर सोडा आणि मांस, अंडी, लोणी खुशाल खा, असं त्यात सांगितलं होतं. पुस्तक हातोहात खपलं. आजच्या लो-कार्ब फॅशनचं बरंचसं मूळ तिथे आहे. म्हणजे एकीकडे अमेरिकेतली माणसं पाव सोडायला शिकत होती आणि दुसरीकडे त्यांच्याच देशातली मिलो आमच्या आजीच्या तव्यावर तुटत होती. त्या दोन ताटांमध्ये जे अंतर होतं ते एका पिढीत संपून आमच्याच टेबलावर आलंय. आजीला उपासमारीची भीती आणि मला साखरेची. दोघांचीही भीती खरी आहे.

म्हणून मी तिला कार्बोहायड्रेटचं लेक्चर दिलं नाही. तोडगा तिनेच काढला. ‘‘चतकोर तं खाशील?’’ चतकोर भाकरी म्हणजे जेमतेम नऊ-दहा ग्रॅम कार्ब्स. वाडग्यातले धरले तरी पंचवीसच्या आत. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, खुशाल खा. ज्वारीत फायबर आहे, ती काही खलनायक नाही. अख्खी भाकरी मी दुपारी डब्यात नेतो, रात्री चतकोर. आजीच्या दृष्टीने नातवाचं ताट आता रिकामं नाही आणि माझा हिशेबही बिघडत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा आकडा ५.८ होता. त्यात रोजच्या पाऊण तास चालण्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय कलेजीला देणार नाही.

वारांचं काय?

परदेशी डाएट प्लॅनमध्ये एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे आपले वार. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्यात श्रावण. तेव्हा आमच्याकडे बुधवारी कलेजी आणि शुक्रवारी चिकन. मटण हवंच असेल तर रविवारी कुकरमध्ये हळद-मीठ घालून थोडं जास्त शिजवा, उरलेलं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि मंगळवारपर्यंत तव्यावर परतून संपवा. बाकीच्या दिवशी त्याच भाज्यांवर पनीर. शंभर ग्रॅममध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रोटीन सहज मिळतं. किंवा सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, तव्यावर खरपूस परतून. आमच्या जिल्ह्यात ज्वारीची वावरं सोयाबीनने कधीच गिळली. निदान त्यातलं थोडं ताटात तरी यावं!

दोन सूचना मात्र गंभीरपणे. कलेजी आठवड्यातून एकदाच. तिच्यात व्हिटॅमिन ए इतकं असतं की गरोदर बायकांनी ती टाळलेली बरी आणि युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनीही. दुसरी त्याहून महत्त्वाची. घरात कुणी इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेत असेल तर त्यांच्या ताटातली पोळी-भाकरी आपल्या मनाने काढू नका. औषध तेवढंच राहिलं आणि जेवणातलं पीठ कमी झालं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. वडिलांचा वाडगा आम्ही डॉक्टरांनी डोस बदलून दिल्यावरच सुरू केला. आता ते नियमाने खातात आणि नियमाने म्हणतात, ‘‘तिखट कमी आहे.’’

आणि एक शेवटची टिप. पत्ताकोबी आणि शेंगा सकाळीच किंवा आदल्या रात्री चिरून डब्यात भरून ठेवा. साडेसातनंतर सुरी हातात घ्यायचा कंटाळा येतो आणि बिर्याणी नेमकी तेव्हाच जिंकते.