हुंडीची मुदत आणि आयुष्याची

"डॉक्टरसाहेब, किती महिने?" हा प्रश्न बहुधा रुग्ण विचारत नाही, त्याला बाहेर बसवून त्याचे मुलगे विचारतात. व्यापारी घराण्यांत मुदतीची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असते. त्यामुळे 'साधारण वर्षभर' हे उत्तर ऐकताच कुटुंब ते हुंडीच्या देय तारखेसारखे मनात नोंदवून ठेवते. चूक नेमकी येथेच होते.

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंधरा जणांना 'स्मॉल सेल' प्रकार होतो. त्याचे मूळ बहुतांशी धूम्रपानात असते. तो इतक्या वेगाने वाढतो, की निदानाच्या वेळीच तिघांपैकी दोघांत यकृत, हाडे, मेंदू अशा ठिकाणी पसरलेला आढळतो. या अवस्थेत उपचार न झाल्यास आयुष्य बहुधा दोन ते चार महिन्यांचे उरते. केमोथेरपीने आरंभी गाठी झपाट्याने आकसतात, दम कमी होतो, घर हसू लागते. हा दिलासा खरा असतो. परंतु ती रोगमुक्ती नव्हे. बहुतेकांत काही महिन्यांनी रोग उलटतो.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केमोथेरपीला अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची जोड दिल्यावर आयुर्मान 10.3 महिन्यांवरून 12.3 महिन्यांवर गेले. हा आकडा मध्यकाचा आहे. निम्मे रुग्ण त्याआधी गेले, निम्मे त्यापुढे जगले. दुर्वालुमॅब या अशाच औषधाच्या चाचणीत तीन वर्षांनंतर शंभरात सुमारे 18 जण हयात होते. केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांत सुमारे 6. रोग उलटल्यावर देण्याच्या टारलाटामॅब या औषधाला 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तरीही पाच वर्षे गाठणारे अत्यल्पच. म्हणून खोटी आशा नको, तशी मध्यकाला देय तारीख समजून आधीच केलेली निरवानिरवही नको.

मग हाती काय उरते? प्रथम, सत्य. ज्याने पन्नास वर्षे पेढीचा नफा-तोटा सोसला, त्याच्यापासून त्याच्याच आयुष्याचा ताळेबंद लपविणे हा प्रेमाच्या नावाखाली केलेला अन्याय होय. त्याला विचारावे, किती जाणून घ्यायचे आहे. आणि तेवढे सांगावे. दुसरे, वेदनाशमन. ते शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नये. निदानापासूनच उपचारांसोबत सुरू व्हावे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. मुंबईत शांती आवेदना सदन 1986 पासून अशा रुग्णांची सेवा करीत आहे. तिसरे, खर्चाचा प्रश्न. महागडे औषध सुरू करण्यापूर्वी त्यातून किती काळ आणि कसा काळ मिळेल, हे विचारण्यात कंजुषी नाही.

आणि सही स्थिर आहे तोवर मृत्युपत्र, खात्यांवरील नामनिर्देशन, तोंडी दिलेल्या-घेतलेल्या रकमांची नोंद ही कामे रुग्णाच्याच संमतीने उरकावीत. अनेक घरांत मृत्यूनंतरचे वैर या राहून गेलेल्या कागदांतून जन्मते.

कागद मिटले, की मिळालेले दिवस मोकळे होतात. नातवाशी गप्पा, दुरावलेल्या भावाला एक फोन, सकाळच्या उन्हात अंगणातली खुर्ची. महिने किती, हे कुणाच्याच हाती नाही. ते कसे जातील, यातले बरेच काही घरच्यांच्या हाती असते.