शब्द दिलेली माणसं

मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं मिशन नगर जिल्ह्यात झालं नाही. इथं १८३१ साली आलं ते अमेरिकन मराठी मिशन. मेनोनाइट आले ते धमतरीला, १८९९ साली. तेव्हाच्या मध्य प्रांतात, नागपूरच्या पूर्वेला. ते पोचले आणि १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. त्या दुष्काळानं नगरला रॉबर्ट ह्यूम यांच्या आसऱ्याला अनाथ पोरं आली आणि त्याच दुष्काळानं धमतरीच्या मेनोनाइटांच्या दाराशीही पोरं आणून सोडली. दोन्हीकडे आधी भाकरी दिली गेली, शाळा निघाल्या आणि मग उपासनेला माणसं जमू लागली. एवढंच काय ते आमचं आणि त्यांचं साम्य, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीत मी वाढलो. आमच्याकडे मंडळी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती मंदिराची इमारत, पाळकसाहेब, कमिटी आणि वर्गणीची पावती. मेनोनाइटांच्या श्रद्धेत यातलं काहीच पहिलं नाही. त्यांच्या लेखी मंडळी म्हणजे देवाला आणि एकमेकांना शब्द दिलेली माणसं. दोघांना दिलेला शब्द एकच, त्याचे दोन तुकडे होत नाहीत. देवाशी माझं बरं चाललंय, शेजारच्याशी मात्र बोलणं बंद आहे, असं त्यांच्या हिशेबात बसत नाही.

हा विचार त्यांना फुकट मिळाला नाही. २१ जानेवारी १५२५ ला झुरिचमध्ये, फेलिक्स मान्झच्या घरी, मूठभर माणसं जमली आणि त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्या काळी मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा व्हायचा आणि त्याच दमात ते चर्चचंही व्हायचं आणि राज्याचंही. ही माणसं म्हणाली, तान्ह्या मुलाला शब्द देता येत नाही. ज्याला कळतं त्यानं स्वतःच्या तोंडानं द्यावा. सरकारला यात बंडाचा वास आला. दोन वर्षांच्या आत, ५ जानेवारी १५२७ ला, मान्झला लिमात नदीत बुडवून मारलं. पाण्यासाठी भांडलास, तर घे पाणी, असा त्या शिक्षेमागचा क्रूर न्याय होता. पुढे हॉलंडच्या फ्रिसलंड भागात सिके नावाच्या एका शिंप्याचा पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याबद्दल शिरच्छेद झाला, १५३१ साली. ती बातमी मेनो सिमन्स नावाच्या कॅथलिक धर्मगुरूच्या कानावर गेली. त्यानं शास्त्र उघडलं, आणि १५३६ मध्ये आपली बसलेली गादी सोडून तो या पळत्या, लपत्या लोकांमध्ये गेला. त्याच्याच नावावरून ते मेनोनाइट झाले.

युरोपातली ही पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्याला का लागावी? लागते, कारण जन्मानं मिळणाऱ्या गोष्टींचं ओझं काय असतं ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक? जात जन्मानं मिळते. आमच्या आजे-पणजांनी, बहुतेक महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या माणसांनी, ते ओझं उतरवायला म्हणून बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं होतं. जाणून घेतलं होतं, गावाचा बहिष्कार सोसून घेतलं होतं. आणि आता चौथ्या-पाचव्या पिढीत ख्रिस्तीपणच जन्मानं मिळू लागलं आहे. शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं, म्हणून आम्ही ख्रिस्ती. लग्न जुळवताना तर पूर्वजांची जातसुद्धा हळूच विचारली जाते. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या दारातून पणजोबा बाहेर पडले, त्याच दाराशी आम्ही पुन्हा येऊन उभे आहोत.

स्वतःच्या तोंडानं शब्द देणं म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यानं एका बाईच्या रूपानं पाहिलं आहे. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झाल्या नाहीत. पुढे नवऱ्यापाशी आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळून. मिशनच्या आवारात, ख्रिस्ती माणसांच्या गराड्यात, ही बाई आपलं अन्न-पाणी वेगळं राखत होती आणि टिळकांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. मग राहुरीला असताना तिच्या मनानं कौल दिला की जाती देवानं केलेल्या नाहीत. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं चालू लागलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणारे बहुतेक लोक त्यातल्या विनोदानं हसतात. मला मात्र त्यातली ही पाच वर्षं सर्वांत मोलाची वाटतात. अमेरिकन मराठी मिशन मुलांनाही बाप्तिस्मा देणारं, मेनोनाइट नव्हे. पण मेनोनाइट ज्याची वाट पाहायला सांगतात, ती वाट लक्ष्मीबाई स्वतःच्या पायांनी चालल्या. आधी हातचं पाणी, मग माथ्यावरचं पाणी. हा क्रमही मला बरोबर वाटतो.

टिळकांची गोष्ट जरा अवघड आहे. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले. मेनो गादी सोडून गेला तो मंडळीची वेस अधिक ठळक करायला. टिळकांनी पगार सोडून ती वेस पुसून टाकली. कोण बरोबर? माझं मन टिळकांकडे ओढतं, कारण ज्या देशात माणसाला वेशीबाहेर ठेवण्यात हजार वर्षं गेली, तिथं आणखी एक वेस आखताना हात थरथरायला हवा. पण शब्द न देता आत बसलेल्यांची गर्दी काय करते, हेही मी पाहत आलो आहे.

मंडळी इथल्या माणसांनीच चालवावी, परदेशी साहेबानं नव्हे, हा विचारही नगरला लवकर आला. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीला आले होते. मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि शुभवर्तमानही स्वतःच पसरवावं, हा त्यांचा आग्रह. त्याच सुमारास नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

खर्च भागवण्याची ती रीत आमच्या खेड्यात अजून जिवंत आहे. कापणीच्या सणाला उपासना संपली की मंदिरासमोरच्या सतरंजीवर माल मांडला जातो. बाजरीची पायली, लाल भोपळा, कांद्याची पिशवी, पाय बांधलेला कोंबडा, कुणाच्या शेवग्याच्या शेंगा, कुण्या म्हातारीनं पदराखालून आणलेली चार अंडी. मग लिलाव. पन्नास रुपयांचा भोपळा चारशेला जातो, घेणारा तो परत सतरंजीवर ठेवतो आणि पुन्हा बोली लागते. त्या म्हातारीच्या अंड्यांना एकदा ट्रॅक्टरवाल्यानं आणि शेतमजुरानं अशी चढाओढीनं बोली लावली की म्हातारी उठून म्हणाली, “आरं बास करा, कोंबडीला कळलं तर माजंल ती.” त्या हसण्यात ट्रॅक्टरवाला कोण आणि मजूर कोण हे क्षणभर कुणाच्या ध्यानात नव्हतं. मंडळी मला तिथं दिसते. तिला छप्पर लागत नाही, पण सतरंजी एकच लागते.

आता तलवारीचं. १५२७ च्या फेब्रुवारीत श्लाइटहाइम इथं या पंथाच्या लोकांनी सात कलमं लिहिली. ख्रिस्ताच्या माणसानं तलवार धरायची नाही, हे त्यांतलं एक. नगरमध्ये बसून हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण नगर हे छावणीचं गाव. चिलखती दलाचं केंद्र इथं, रणगाड्यांचं संग्रहालय इथं, आणि के. के. रेंजवर सराव सुरू झाला की आसपासच्या खेड्यांतली तावदानं थरथरतात. माझे मामा सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यांना मी डर्क विलेम्सची गोष्ट सांगितली. हा डच माणूस याच पंथाचा. तुरुंगातून निसटला, गोठलेल्या पाण्यावरून पळाला. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून बुडू लागला, तेव्हा डर्क मागे फिरला आणि त्याला वर काढलं. त्यामुळे तो पकडला गेला आणि १५६९ साली त्याला जाळलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “पडलेल्याला पाणी पाजायचं हे आम्हालाही शिकवलंय. पण राखण कुणी करायची, ते सांग.”

मला सांगता आलं नाही, आणि आजही पुरतं सांगता येत नाही. शिवाय आमच्या घरांसाठी फौजेचा गणवेश म्हणजे नुसती नोकरी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे अर्ज करत राहिले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. हातातली तलवार टाकून देणाऱ्याचा त्याग वेगळा, आणि ज्याला तलवार धरूच दिली नाही त्याला ‘टाकून दे’ म्हणणं वेगळं. युरोपातल्या मेनोनाइटांना हा फरक कळायचं कारण नव्हतं. आपल्याला मात्र तो विसरून चालणार नाही.

म्हणून सरहद्दीवरच्या तलवारीचा निकाल मी लावत नाही. पण मेनोनाइट शांतीची सुरुवात सरहद्दीवर करतच नाहीत. ते ती शेजारच्या बाकावर करतात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूनं सांगितलेली रीत त्यांच्या मंडळीचा कणा आहे. भावाचा अपराध झाला तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरी नाही, तर मंडळीपुढे मांड. दोघे-तिघे जमतात तिथं मी आहे, हे वचन त्याच अध्यायात, त्याच बोलण्याच्या ओघात येतं. आमच्याकडे रविवारी माणसं कमी आली की पाळकसाहेब ते वचन दिलाशासाठी वाचतात. ते मुळात भांडण मिटवायला बसलेल्या दोघा-तिघांसाठी आहे, हे ध्यानात आलं तेव्हा मी किती तरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आणि आमच्याकडे काय चाललं आहे? एका मंडळीचं नाव मी घेत नाही. तिथं जमिनीवरून आणि कमिटीवरून दोन गट पडले. एकाच मंदिरात दोघांच्या उपासनेच्या वेळा वेगळ्या, मधल्या वेळेत कुलूप. तारखेला दोन्हीकडचे वडील जिल्हा न्यायालयाबाहेर एकाच टपरीवर चहा पितात, पाठ करून. दोघंही पवित्र शास्त्र बरोबर आणतात, शपथेला लागेल म्हणून. ज्यांच्या पणजांनी एका पाणवठ्यासाठी जन्म घालवला, त्यांना एका टपरीवर तोंड करून चहा घेता येत नाही.

नगरच्या मंडळ्यांना मेनोनाइटांची चुलत घराणी परकी नाहीत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९२४ साली अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या युनायटेड चर्चमध्ये गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्या सहांत चर्च ऑफ द ब्रदरन हीही एक होती. १७०८ साली जर्मनीत सुरू झालेला हा पंथ मेनोनाइटांकडूनच पुष्कळ काही शिकलेला. आपल्याकडे त्यांचं काम गुजरातेत बलसाडला आणि इकडे डहाणू, वाडा भागात. अशा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या म्हणूनच आमच्या चर्चच्या घटनेत आज लहान मुलांचा बाप्तिस्माही आहे आणि कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्माही.

ब्रदरनांची प्रीतिभोजनाची रीत मला फार जवळची वाटते. जुन्या काळी त्या भोजनाच्या आधी मंडळीचे सेवक घरोघर जायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, तू अजून विश्वासात आहेस ना, आणि सगळ्यांशी तुझा समेट आहे ना? मग सगळे एकमेकांचे पाय धूत, एकत्र जेवत, आणि भाकर आणि प्याला घेत. पाय धुणं आपल्याला नवं नाही. लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो, दिंडीत गृहस्थ साधूचे धुतो. पण आपल्याकडे पाणी एकाच दिशेनं वाहतं. इथं ज्याचे पाय धुतले तोच उठतो, पंचा कमरेला बांधतो आणि पुढच्याच्या पायाशी बसतो. कांद्याच्या रानातली माती टाचेच्या भेगांत बसलेली असते, ती नुसतं पाणी ओतून निघत नाही, अंगठ्यानं घासावी लागते. त्या वेळी समोरच्याशी खटला चालू असेल तर माणूस काय करील, हे मला पाहायचं आहे.

येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. दर प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात दोन वडिलांनी सभासदांच्या घरी जायचं आणि एकच विचारायचं: कुणाशी बोलणं बंद आहे का? असेल तर त्याच संध्याकाळी दोघांना एका ओसरीवर बसवायचं. न्यायालयात जायचं असेल तर त्यानंतर. कमिटीतले काही जण म्हणतील, ही घरात नाक खुपसण्याची रीत झाली. म्हणोत. एकमेकांना शब्द दिला आहे तर एकमेकांना विचारायचा हक्कही दिला आहे. ठराव पडला तर मी आणि पाळकसाहेब दोघंच निघू. आमच्या मंडळीतही एक जुनी तेढ आहे, आणि ती दोन्ही घरं एकाच गल्लीत, समोरासमोर आहेत.