अपुऱ्या दिवसांचा श्वास

पाऊस सरला, खळे सारवून झाले, की आळीतली सारी मुले आमच्या अंगणात लगोरी खेळायला जमत. माझा नातू मात्र ओसरीच्या पायरीवर बसून त्यांचे गडी मोजत असे. त्याला तिथे बसवणारी मीच होते.

तो २९व्या आठवड्यात जन्मला. वजन अवघे १,१०० ग्रॅम. ‘सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ हे आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांचे वचन घोकत मी त्या रात्री सुनेसोबत दांडेली, हळियाळ मागे टाकीत हुबळी गाठली होती. वस्तुतः या वचनात तथ्य नाही. गर्भात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या पदरात बळच टाकतो, हे मला तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले.

काचेच्या पेटीत तो प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढून घेत होता. आपल्या फुप्फुसांतील इवल्या वायुकोशांना आतून एका स्निग्ध द्रव्याचा लेप असतो. तो नसेल तर उच्छ्वासाबरोबर कोश मिटतात आणि पुन्हा उघडताना बाळाची सारी शक्ती खर्ची पडते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत हे द्रव्य अपुरे असते, हे बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवून दिले. तरीही १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात पुत्र याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. तेव्हा उपाय कोणापाशीच नव्हता. १९८० साली जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांतून काढलेले द्रव्य अशा बाळांना देऊन यश मिळवले. राष्ट्राध्यक्षाच्या लेकराला जे लाभले नाही, ते जोयडा तालुक्यातल्या एका खेड्यातील बाळाच्या छातीत नळीवाटे सोडले गेले, आणि तो वाचला.

पण मूल जगले म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकांची वाढ आणि बुद्धी थेट त्यांच्या १८व्या वर्षापर्यंत तपासली. रुग्णालयातून घरी गेलेल्या मुलाचा इतका दीर्घ मागोवा घेणे मला फार मोलाचे वाटते. कारण आम्ही घरच्यांनी त्याला केवळ जपले. त्याची वाढ पाहिली नाही. शाळेत खेळाच्या तासाला त्याला बसवून ठेवावे, अशी चिठ्ठीही मीच पाठवीत असे.

तो आठ वर्षांचा झाला तेव्हा हुबळीत त्याची फुंकण्याची तपासणी झाली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात जोराने सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र सांगते. फार लवकर जन्मलेल्या पुष्कळ मुलांप्रमाणे त्याचाही आकडा समवयस्कांहून कमी आला. माझी सावधगिरी रास्त ठरली, असे मला क्षणभर वाटले. तोच डॉक्टर म्हणाले, “ओडली बिडी, अज्जी.” पळू द्या त्याला.

व्यायामाने हरवलेले वायुकोश परत येतात असे नाही, असे ते म्हणाले. परंतु फुप्फुसांची वाढ विशीच्या आसपासपर्यंत चालू असते. हृदय आणि स्नायू बळकट झाले, की आहे त्या श्वासात मूल अधिक काही करू शकते. पायरीवर बसवलेल्या मुलाला मात्र थोडे चालले तरी धाप लागते, आणि ती धाप पाहून आपण त्याला पुन्हा बसवतो. धाप लागणे निराळे, छातीत घुरघुरणे निराळे. घुरघुर झाली तर थांबवून औषध द्यावे, एवढेच पथ्य.

मग त्यांनी विचारले, “न्हाणीचे पाणी कशावर तापवता?”

मी गप्प झाले. ओसरीला लागूनच आमची न्हाणी. तिथले चुलाण पहाटेपासून धुमसते. पावसाळ्यात तर ओल्या लाकडांचा धूर घर सोडीत नाही. धावणे बाधेल म्हणून ज्या पायरीवर मी त्याला बसवीत होते, तिथे तो वर्षानुवर्षे तो धूर पीत होता. वाढत्या फुप्फुसांचा खरा वैरी तो धूर होता, आणि मी जपत होते लगोरीपासून! घरी परतताना सून एवढेच म्हणाली, “आई, आपल्याला ठाऊक नव्हते.” तिचे ते ‘आपल्याला’ मला अजून आठवते, चिठ्ठ्या तर एकटीने मीच लिहिल्या होत्या.

चुलाण आता गोठ्यापलीकडे गेले आहे, आणि स्वयंपाक गॅसवर होतो. नातू कुळागराच्या शेवटच्या माडापर्यंत पळत जातो आणि धापा टाकीत परततो. इतरांच्या मागे पडतो, हेही खरे. मी पायरीवर बसून कान देते. घुरघुर नसते, नुसता दम लागलेला असतो. तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो, मला विचारीत नाही, आणि पुन्हा पळतो.