सर्वत्र बदला

लाखांदुरात दस्तलेखनाचा व्यवसाय करणाऱ्या मजसारख्यास संगणकाने जी सामर्थ्ये दिली, त्यांत जुन्या मसुद्यातील शब्द हुडकून त्याच्या जागी दुसरा बसविण्याचे सामर्थ्य मला सर्वांत मोलाचे आणि सर्वांत जोखमीचे वाटते. पूर्वीचे विक्रीपत्र उघडावे, कंट्रोल व एच या कळा दाबाव्या, जुने आणि नवे नाव लिहावे आणि 'सर्वत्र बदला' असा हुकूम सोडावा, की क्षणार्धात नवा दस्त सिद्ध होतो. परंतु हा हुकूम बजावणारा अक्षरे जाणतो, अर्थ जाणत नाही. 'राम'चे 'श्याम' करावयास सांगितले, तर पित्याच्या 'आत्माराम'चेही तो 'आत्माश्याम' करून ठेवतो.

मराठीतील सामान्यरूप तर त्यास मुळीच उमगत नाही. 'लाखांदूर' शोधणाऱ्यास 'लाखांदुरात' सापडत नाही, कारण प्रत्यय लागताच दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. आणि तो ऱ्हस्व उकार अशुद्ध समजून कोणी 'दुर'चे सर्वत्र 'दूर' केले, तर त्यासरशी 'दुरुस्ती' आणि 'दुर्लक्ष' हे निरपराध शब्दही बिघडतात.

खरी कसोटी लागते ती जिल्ह्याच्या नावापाशी. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. शेजारचा अर्जुनी मोरगाव तालुका तिकडे गेला, लाखांदूर भंडाऱ्यातच राहिले. दोन्हीकडे शेती असलेल्या कुटुंबाच्या जुन्या वाटणीपत्रावरून नवा मसुदा करताना अर्जुनीकडील शेताच्या वर्णनात आता 'जिल्हा गोंदिया' लिहावे लागते, आपल्याकडील शेतास 'भंडारा' कायम ठेवावा लागतो, आणि 1999 पूर्वीच्या एखाद्या दस्ताचा हवाला देताना त्यातील 'भंडारा', शेत अर्जुनीकडचे असले तरी, जसाच्या तसा राखावा लागतो. शब्द एकच, परंतु तिन्ही ठिकाणचा निवाडा निराळा. तो प्रत्येक वेळी दस्त वाचणाऱ्यानेच करावयाचा असतो.

म्हणून या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांस माझे कळकळीचे सांगणे आहे, की 'सर्वत्र बदला'चा मोह टाळावा, नावांची सारी रूपे आधी कागदावर मांडावी, एकेका स्थळी थांबून बदल करावा, आणि नोंदणीपूर्वी संपूर्ण दस्त पक्षकारांस मोठ्याने वाचून दाखवावा. नोंदणी होऊन गेल्यावर चूक आढळली, तर उभय पक्षांना पुन्हा दुय्यम निबंधकांपुढे येऊन चूकदुरुस्तीपत्र नोंदवावे लागते.