दहा मिनिटांसाठी तीन हजार

यूपीएसचा विषय मी वर्षानुवर्षं उडवून लावला. घरी बसून डीटीपी करते: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, मधूनच कुणाचा तरी कवितासंग्रह. म्हणजे पोटापाण्याचं यंत्र. तरीही तीन-साडेतीन हजार मोजून दहा-पंधरा मिनिटांची वीज घ्यायची, हे मनाला पटत नव्हतं. तेवढ्यात काय अहवाल पुरा होतो?

शिवाय मी या धंद्यात आले ती भारनियमनाच्या दिवसांत. लाइट कधी जाणार ते पेपरात छापून यायचं. त्याआधी पान आवरायचं, मशीन बंद करायचं आणि भाकरीला बसायचं. वेळ ठाऊक असताना यूपीएस कशाला? तेव्हाचा तो हिशेब मला आजही बरोबरच वाटतो.

आता मात्र लाइट न सांगता जाते, आणि जाते तीही पापणी लवेपर्यंत. वळीव सुटला, कुठं फांदी तारेला घासली, की झालं. पंख्याला पत्ताही लागत नाही, पण कॉम्प्युटर बसतो. त्याच्या आतला वीज पुरवणारा भाग, एसएमपीएस, पंधरा-वीस मिलिसेकंद कळ काढतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा जेमतेम एक फेरा. त्यापुढं त्याचा नाइलाज.

‘सतत सेव्ह करत जा,’ हा घरच्यांचा सल्ला मी इमानानं पाळत होते. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, त्यामुळे आमचा हंगाम ऐन पावसाळ्यात येतो. अशाच एका संस्थेचा ताळेबंद सेव्ह होत असताना लाइट गेली. आली तेव्हा फाइल उघडेना. सगळी कोष्टकं रात्रभर बसून पुन्हा मांडली. फाइल लिहिली जात असते तोच क्षण सगळ्यात धोक्याचा, आणि मी तर दर दोन मिनिटांनी तो क्षण ओढवून घेत होते! माझं मत फिरलं ते त्या रात्री.

इथं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतला दुकानदार म्हणाला, ‘‘वहिनी, इन्व्हर्टरच घ्या की. अख्खं घर चालतंय.’’ चालतंय खरं, पण वीस-पंचवीस हजार, कोपरा अडवणारी दीडशे एएचची बॅटरी, तिला पाणी घालायची आठवण, आणि एवढं करून लाइट गेल्यावर तो पुरेसा झटकन सुरू झाला नाही तर मशीन बसणारच. तासभर लाइट गेली तर मला उलट बरं वाटतं, पाठ टेकता येते. आणि २०१९ सारखा महापूर आला, राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५५ फुटांवर गेलं, सबस्टेशनं बुडाली, तर इन्व्हर्टरही किती दिवस पुरणार? मला हवी होती ती फक्त नीट बंद करण्यापुरती उसंत.

६०० व्हीएचा यूपीएस घेतला. आत १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी. गुणाकार केला तर ८४ वॅट-तास, पण एकदम ओढ बसली की निम्म्याच्या आसपासच पदरात पडतात. माझ्या मशीन-मॉनिटरला पंधरा मिनिटं मिळतात. लेझर प्रिंटर त्यावर लावायचा नाही, त्याचा हीटर यूपीएसला झेपत नाही. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बसणार, तो खर्च आत्ताच धरून ठेवलाय. वायरमनकडून अर्थिंगही तपासून घेतलं. ढग गडगडायला लागले तर प्लग काढून ठेवायचा, तिथं यूपीएसच्या भरवशावर राहायचं नाही.

मुलानं लगेच वाय-फायचा राउटर त्यावर जोडला. मी मशीन बंद केल्यावर उरलेली बॅटरी त्याची, असा तह झालाय. पार कोरडी करू नको, लवकर बसते, असं मी सांगते. तो त्या टीं-टीं आवाजाचं बटण कुठंय ते शोधत असतो.